टांकसाळीची चूक आणि बाजारातली नक्कल



माणसांची गाऱ्हाणी ऐकण्यात माझी तीस वर्षे गेली. परंतु गेल्या वर्षी एक गाऱ्हाणे असे आले की त्याला कोणत्या कायद्याचे कलम लावावे तेच मला सुचेना. प्रेस-शॉपमध्ये आयुष्य काढून निवृत्त झालेले आमचे एक जुने सहकारी रुमालात बांधलेला एक रुपया घेऊन माझ्याकडे आले. त्यावरील सालाचे आकडे दुहेरी उमटले होते. हे नाणे टांकसाळीच्या चुकीचे, म्हणून दुर्मीळ, असे सांगून कोणीतरी ते त्यांना ऑनलाइन साडेचार हजारांना विकले होते, आणि हे पैसे ग्रॅच्युइटीतले होते. एका जाणत्या नाणेविक्रेत्याने ते भिंगाखाली धरून परत दिले आणि किंमत सांगितली : एक रुपया. म्हातारबुवा मला म्हणाले, “अहो भाऊ, आकडे तर दोन-दोन साफ दिसतात. मग यात लबाडी कुठे आहे?”

प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर शोधता शोधता मी १९५५ सालच्या फिलाडेल्फियात जाऊन पोहोचलो. तेथील टांकसाळीत घडलेली हकिकत कोणत्याही कारखान्यातल्या माणसाला ओळखीची वाटावी अशी आहे.

अमेरिकेचा एक सेंट म्हणजे लिंकनचे मुख असलेले, तेव्हा ९५ टक्के तांब्याचे असणारे लहानसे नाणे. ही नाणी पाडणाऱ्या अनेक प्रेसांपैकी एकीवर एक सदोष डाय चढली. तपासनिसाच्या ते ध्यानात आले तोवर त्या डायखालून ४०,००० च्या आसपास नाणी निघून गेली होती, आणि त्यांतली २०,००० हून अधिक इतर प्रेसांच्या निर्दोष मालात मिसळली होती, असे सांगतात. ती वेगळी काढायची तर लक्षावधी नाण्यांची अख्खी रास भट्टीत घालावी लागली असती. अधिकाऱ्यांनी हाती लागली तेवढी सदोष नाणी नष्ट केली आणि बाकीची रास बाहेर जाऊ दिली. मी त्यांना दोष देत नाही. उत्पादनाचा आकडा भरायचा असला म्हणजे कोणत्या कारखान्यात याहून वेगळे घडते?

पुढची गंमत अशी की यांतली बरीच नाणी लोकांच्या हाती सिगारेटच्या पाकिटांतून पडली. सिगारेट देणाऱ्या यंत्रात २५ सेंटचे नाणे टाकायचे. पाकीट २३ सेंटांचे. उरलेले दोन सेंट पाकिटाच्या वेष्टणातच घातलेले असत. धूर सोडणाऱ्या माणसाला त्या दोन सेंटांचे काय? पण कोणीतरी निरखून पाहिले, आणि आज त्या नाण्याला, झिजलेले असले तरी, हजार डॉलरच्या घरात किंमत येते.

आता ही डाय दुहेरी झाली कशी? डाय पोलादाची असते. तिच्यावर चित्र उमटवण्यासाठी उठावाचा दुसरा पोलादी ठसा, ज्याला हब म्हणतात, तो प्रचंड दाबाने तिच्यात दाबतात. त्या काळी एका दाबाने काम भागत नसे. दाबाने पोलाद कठीण होई, म्हणून डाय तापवून नरम करीत आणि पुन्हा त्याच जागी दाबीत. त्या दुसऱ्या वेळी डाय केसभर फिरून बसली की पहिली खूण पुसली जात नाही आणि शेजारी दुसरी उमटते. म्हणजे चूक डायच्या जन्मातच झाली. त्यानंतर त्या डायखाली पडणारे प्रत्येक नाणे तंतोतंत तीच चूक घेऊन बाहेर येणार. १९५५ च्या अस्सल सेंटवर मुखाच्या बाजूचे साल व अक्षरे दुहेरी असतात. मागची बाजू साधी असते, कारण ती दुसऱ्या, निर्दोष डायखाली उठलेली आहे. त्या मागच्या डायवरही एक बारीक उभा ओरखडा होता, आणि तो अस्सल नाण्यावर ‘सेंट’ या इंग्रजी शब्दाच्या शेवटच्या अक्षराच्या डाव्या हाताशी सापडतो. जाणकार तो आधी पाहतात.

याच्या उलट दुसरा प्रकार. डाय चांगली आहे, पण प्रेसमध्ये ढिली बसली आहे. ठोका पडतो, डाय किंचित हलते आणि नुकतेच उठलेले अक्षर कडेने खरवडते. तेथेही दुहेरी रेघ दिसते, परंतु ती बसकी असते, पायरीसारखी चपटी. अस्सल प्रकारात दुसऱ्या आकड्यालाही गोलाई आणि उंची असते, अक्षरांच्या टोकांशी दोन ठशांमध्ये खाच पडते, आणि अक्षर एकूण जाडसर होते. ढिल्या डायच्या प्रकारात उलट मूळ अक्षरच बारीक होते, कारण दुसरी रेघ त्याच्याच धातूतून निघालेली असते. हा खडखडाट कोणत्याही टांकसाळीत नित्य घडतो, म्हणून त्याला मोल नाही.

तिसरा प्रकार म्हणजे झिजलेली डाय. १९५५ च्याच काही सेंटांवर सालाचा शेवटचा ५ तेवढा दुहेरी भासतो. अमेरिकेत त्याला ‘गरिबाचा दुहेरी सेंट’ म्हणतात. नाव ऐकून मला हसू आले आणि थोडा रागही आला. झिजलेल्या हत्यारावर काम काढून घ्यायचे आणि जो माल निघेल त्याला गरिबाचे नाव द्यायचे! त्याची किंमत फार तर दोन-चार डॉलर.

आणि काही नक्कल टांकसाळीबाहेर जन्मते. १९४३ साली युद्धासाठी तांबे राखायचे म्हणून अमेरिकेने सेंट जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचे काढले. आदल्या वर्षाच्या थोड्या तांब्याच्या चकत्या चुकून यंत्रात राहिल्या आणि त्यांवरही १९४३ चा ठसा पडला. १९४७ मध्ये एका शाळकरी मुलाला असा सेंट मोडीत मिळाला. तो जानेवारी २०१९ मध्ये २,०४,००० डॉलरला विकला गेला. तेव्हापासून पोलादी सेंटला तांब्याचे पाणी देणारे आणि १९४८ मधला ८ कापून ३ करणारे हातही थांबलेले नाहीत. पहिल्याला लोहचुंबक उघडे पाडते. दुसऱ्यासाठी भिंग लागते. अस्सलाचे वजन ३.११ ग्रॅम, पोलादीचे सुमारे २.७.

लोहचुंबकाची ही कसोटी आपल्या रुपयाला आंधळेपणाने लावू नये. १९९२ पासूनचा स्टेनलेस पोलादाचा रुपया चुंबकाला चिकटतो आणि त्याआधीचा तांबे-निकेलचा चिकटत नाही, दोन्ही अस्सल. सालाखालचा हिरा मुंबई टांकसाळीची खूण आहे, चांदणी हैदराबादची, ठिपका नोएडाचा. कोलकात्याच्या नाण्यावर खूणच नसते. या खुणांना कोणी चूक म्हणून विकू लागला तर हात जोडून पुढे जावे. ४ ऑगस्ट २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेला जाहीर करावे लागले की जुन्या नाण्या-नोटांच्या असल्या व्यवहारांशी आपला संबंध नाही आणि त्यासाठी आपण शुल्क वा कमिशन मागत नाही. तिच्या नावाने पैसे उकळले जात होते.

ऑनलाइन खरेदीत नाणे हातात नसते, हाती फक्त चित्र असते; आणि तिरप्या उजेडात चपटी पायरीही गोल दिसते. म्हणून एकाच नाण्याची दोन बाजूंच्या उजेडातली चित्रे मागावीत, दुसरी बाजू, कड आणि वजन मागावे. नाणे सीलबंद पेटीत असेल तर पेटीवरचा क्रमांक देणाऱ्या संस्थेकडेच पडताळावा, कारण पेट्याही खोट्या निघतात. विक्रेता टाळाटाळ करू लागला की व्यवहार तेथेच सोडावा.

हे सगळे वाचून झाल्यावर मी म्हातारबुवांना बोलावले आणि भिंग त्यांच्या हाती दिले. पायरी कशी ओळखायची एवढेच सांगितले. त्यांनी नाणे खिडकीकडे नेले, दोनदा फिरवले, आणि चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, “भाऊ, ही तर डाय ढिली होती. आमच्या शॉपात असता तर मी बोल्ट आवळायला सांगितला असता.” विकणाऱ्याचे खाते तोवर बंद झाले होते. नाणे त्यांनी पुन्हा रुमालात बांधून खिशात ठेवले.