घोड्याचं रक्त आणि मामीचा प्रश्न

पनवेलला मामीकडे गेलं की चहाचा कप हातात यायच्या आधी तो प्रश्न येतोच. "प्लाझ्मा दुपारी मिळाला असता तर रे?" दर वेळी मी काहीतरी गुळमुळीत बोलतो आणि टीव्हीकडे बघतो.

मामा एप्रिल २०२१ मध्ये गेला, आजारपणाच्या बाराव्या दिवशी. प्लाझ्मा शोधायचं काम माझ्याकडे होतं. चौतीस फोन केले (नंतर मोजले), आणि ठाण्याहून पिशवी घेऊन पोचलो तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते. ती चढवली. पुढचं घरातल्या सगळ्यांना माहीत आहे.

म्हणून यंदा ठरवलं की हे नीट वाचायचं आणि मामीला खरं काय ते सांगायचं. मामेभावंडांनो, हे तुमच्यासाठीही. बाकी ब्लॉगर मंडळींनी लांबण माफ करावी.

कल्पना जुनी आहे. एकाच्या रक्तात आजाराशी लढणारी प्रतिपिंडं तयार झालेली असतात, ती दुसऱ्याला उसनी द्यायची. १८९० साली बर्लिनमध्ये बेरिंग आणि कितासातो यांनी घटसर्प आणि धनुर्वातावर हे प्राण्यांमध्ये करून दाखवलं. पुढे त्यासाठी घोडा कामी आला, कारण त्याच्या अंगात रक्त भरपूर!

आणि मग ही उसनवारी थेट मुंबईत आली. प्लेगचा जंतू १८९४ साली हाँगकाँगला शोधणारा अलेक्झांडर येर्सिन मार्च १८९७ मध्ये घोड्याचं सीरम घेऊन मुंबईत उतरला. आदल्या वर्षी चीनमध्ये त्याने पंचवीसेक रोग्यांना ते टोचलं होतं, त्यातले दोनच दगावले होते. केवढी आशा असेल लोकांना! पण मुंबईत गुण तुरळकच आला. सीरमचा जोर कमी पडला आणि रोगी हाती येईपर्यंत दिवस गेलेले असत. पहिल्याच दिवशी टोचलं तर फरक पडतो, उशीर झाला की नाही, हे त्याच्याही ध्यानात आलं होतं. त्याच वर्षी जानेवारीत हाफकिनने स्वतःला लस टोचून घेतली होती. लोकांच्या लक्षात राहिला तो हाफकिन, आणि ते बरोबरच आहे म्हणा. येर्सिनचं मुंबईतलं अपयश मात्र कुणी आठवत नाही. मला ते हाफकिनच्या यशाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

कारण १२३ वर्षांनी आपण पुन्हा तिथेच आलो. २०२० मध्ये घोड्याऐवजी बरा झालेला माणूस, एवढाच फरक. आयसीएमआरने ३९ रुग्णालयांतल्या ४६४ रुग्णांवर प्लाझ्माची चाचणी केली. आजार बळावण्यात फरक नाही, मृत्यूंतही नाही. हा निकाल ऑक्टोबर २०२० मध्ये छापून आला होता. म्हणजे मी फोन फिरवत होतो त्याच्या सहा महिने आधी! इंग्लंडच्या अकरा हजारांवर रुग्णांच्या चाचणीतही तेच निघालं. आपल्या सरकारी नियमावलीतून प्लाझ्मा १७ मे २०२१ ला काढला. मामाला जाऊन महिनाही झाला नव्हता.

पण "प्लाझ्मा फसवा होता" असं म्हणून मोकळं होता येत नाही. अर्जेंटिनात वयस्कर लोकांना लक्षणं दिसल्यापासून ७२ तासांच्या आत, भरपूर प्रतिपिंडं असलेला प्लाझ्मा दिला, तेव्हा गंभीर आजाराचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. बहात्तर तास. मामाला दवाखान्यात नेलं तोच सहावा दिवस होता. तोवर विषाणूचं बरंचसं काम उरकलेलं असतं, पुढचा गोंधळ शरीर स्वतःच घालतं.

आता थोडं विषयांतर वाटेल, पण शिराळ्याला जाऊ या. नागपंचमीवालं बत्तीस शिराळा. तिथल्या आयसेरा बायोलॉजिकल या कंपनीने करोनावर घोड्यांपासून औषध करायला घेतलं आणि २०२१ मध्ये त्याच्या माणसांवरच्या चाचण्या सुरू झाल्या. सर्पदंशावरचं औषध घोड्याच्या रक्तातूनच येतं, तेव्हा नागांच्या गावात हे घडावं याची मला गंमत वाटली. हे औषध म्हणजे अख्खं प्रतिपिंड नव्हे. प्रतिपिंड इंग्रजी वाय अक्षरासारखं असतं. त्याचा खालचा दांडा कापून वरचे दोन हात तेवढे ठेवायचे. पकडायचं काम हातच करतात, आणि परक्या घोड्याचा दांडा गेला की अंगावर उठणारी रिअॅक्शनही कमी होते.

याहून लहान तुकडा उंटाकडून मिळाला. उंटाच्या रक्तातली काही प्रतिपिंडं आपल्यापेक्षा साध्या बांधणीची असतात, हे ब्रुसेल्सच्या शास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये जाहीर केलं. त्यांचं पकडणारं टोक एकटंच काम करतं आणि वजनाला आपल्या अख्ख्या प्रतिपिंडाच्या दहाव्या हिश्शाएवढं असतं. इतकं लहान आणि टणक, की वाफाऱ्यासारखं थेट छातीत ओढता येईल. एका बेल्जियन कंपनीने तान्ह्या बाळांच्या आरएसव्ही नावाच्या विषाणूवर तसं औषध केलंही. विषाणू कमी झाला, पण बाळं काही लवकर बरी झाली नाहीत. ती आधीच रुग्णालयात दाखल झालेली होती. पुन्हा उशीर! त्याच विषाणूवर अख्ख्या प्रतिपिंडाचं एक इंजेक्शन, निर्सेव्हिमॅब, अमेरिकेत २०२३ पासून बाळांना आजारी पडण्याआधीच देतात. ते मात्र चांगलं लागू पडतं.

गेल्या गणपतीत हे सगळं मामीला सांगितलं. येर्सिनसकट. पिशवी दुपारी आली असती तरी काही बदललं नसतं, हे सांगताना माझाच आवाज बसला. ती मोदकाच्या पाकळ्या काढत ऐकत होती. बराच वेळ काही बोलली नाही.

मग म्हणाली, "आणि त्या घोड्यांचं रक्त काढतात, त्यांना नंतर खायला नीट देतात ना रे?"