खेळण्याचा डोळा आणि आकाश

ज्ञानाचा इतिहास हा पुष्कळदा हत्यारांचा इतिहास असतो. ते हत्यार कोणाच्या हाती आहे, हे आम्ही कामगार चळवळीतली माणसे आधी विचारतो.

2001 च्या सुमारास फिलिप्सचा 'टूयूकॅम प्रो' हा स्वस्त वेबकॅम बाजारात होता. संगणकावरून आप्तेष्टांशी समोरासमोर बोलावे, एवढेच त्याचे काम. पण आत सोनीची सीसीडी चिप होती. 640 × 480, म्हणजे तीन लाखांवर प्रकाशबिंदू टिपणारी. हौशी निरीक्षकांनी त्याचे भिंग काढले, तेथे सव्वा इंची नळी बसवली आणि ती दुर्बिणीत नेत्रिकेच्या जागी सरकवली.

हवा हलते म्हणून ग्रहाचे बिंब थरथरते; मधूनच एखादा क्षण मात्र निवांत लाभतो. अशा भाग्यक्षणांचे गणित अमेरिकेतील डेव्हिड फ्रीड यांनी 1978 साली मांडले होते. वेबकॅम मिनिटाला शेकडो चित्रे घेई. त्यांतली चांगली निवडून एकावर एक रचणारा 'रेजिस्टॅक्स' हा प्रोग्रॅम हॉलंडच्या कॉर बेरेव्होट्स यांनी 2002 पासून सर्वांना फुकट दिला. एकटे चित्र दाणेदार, दुबळे. शेकडो एकत्र आली की शनीच्या कड्यांतली कॅसिनीची फट स्वच्छ दिसे.

अंधुक तारकामेघांना क्षणार्धाचे चित्र पुरेना. तेव्हा ब्रिटनच्या स्टीव्ह चेंबर्स यांनी चिपच्या जोडण्यांत फेरफार करून प्रकाश कित्येक सेकंद साठवण्याची युक्ती काढली, आणि तीही खुली केली.

हत्यार उघडून पाहण्याचे धाडस आणि कळलेले पदरी बांधून न ठेवण्याची वृत्ती, या दोहोंनीच सामान्यांच्या अंगणात आकाश उतरले, असे आम्हांस वाटते.