खोगीरभरती

माथेरानला शार्लोट लेकपाशी आम्ही उतरलो तेव्हा माझ्या मुलीला माझ्या तट्टाच्या पाठीवर, खोगिराच्या कडेशी, दोन पांढरे ठिपके दिसले. बाकी अंग तांबूस. "बाबा, याला चांदण्या आहेत!" घोडेवाले काका हसले. म्हणाले, "चांदण्या कसल्या बाळा, पाठ लागली होती त्याची. माझ्याकडे यायच्या आधी."

'पाठीस लागणं' सगळ्यांना माहीत असतं. 'पाठ लागणं' मात्र जनावरं पाळणाऱ्यांच्या बोलीत उरलंय. खोगिराखाली पाठ सोलवटते, सुजते, चिघळते. जखम भरली तरी तिथल्या त्वचेतला रंग मेलेला असतो, म्हणून नवे केस पांढरे उगवतात आणि जन्मभर पांढरेच राहतात. लहानपणी याच डोंगरावर अशा 'चांदण्या' असलेलं तट्टू मी हट्टानं मागून घेतलं होतं, ते आठवलं.

घरी परतल्यावर वाचू लागलो, आणि पहिल्यांदा अडलो ते आपल्याच एका शब्दावर. खोगीरभरती. निरुपयोगी माणसं, पानं भरायला घातलेला मजकूर. पुलंनी तर आपल्या एका पुस्तकालाच हे नाव दिलं. 'खोगीर' फारसीतून आला, मूळ अर्थ घाम धरणारा, टिपणारा. उर्दूतही 'खूगीर की भरती' हा वाक्प्रचार याच अर्थाने आहे. म्हणजे खोगिरात चिंध्या, पेंढा, काहीही कोंबलं तरी चालतं, अशी समजूत दोन्ही भाषांत रुजलेली. ही समजूत बसणाऱ्याची असणार. ज्याच्या पाठीवर खोगीर आहे, त्याला विचारून हा शब्द घडलेला नाही.

घोड्याच्या कण्यावर थेट भार पडता कामा नये. भार पडायचा तो कण्याच्या दोन्ही अंगांनी जाणाऱ्या लांब स्नायूंवर, खाली बरगड्यांचा आधार असतो तिथे. मधे, कण्यावर, पोकळी हवी. भरती एकीकडे दबली, गाठ झाली, की सगळं वजन त्या तळहाताएवढ्या जागी येतं. रक्त थांबतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला जखमा होतात, तसंच. आणि तट्टू तर घोड्याहून अवघड. त्याचं पोट गोल, खांद्यावरचा उंचवटा बेताचा, त्यामुळे उतारावर खोगीर मानेकडे सरकतं. म्हणून शेपटीखालून दुमची घालतात. तंग जास्त आवळून काम भागवलं, तर पाठीऐवजी काख सोलते.

भरतीची ही विद्या फार जुनी आहे. चीनच्या तुर्फान भागात यांगहाय इथे एका स्त्रीच्या थडग्यात चामड्याचं खोगीर सापडलं. काळ साधारण इसवी सनापूर्वी ७०० ते ४००. कण्याच्या दोन बाजूंना दोन उशा, आणि आत पेंढा, हरणाचे केस, उंटाचे केस. ज्या कुणी ते शिवलं, त्याने भरती निवडून घातली होती. पुढे लाकडी सांगाड्याची खोगिरं आली, भार जास्त पसरू लागला. पण लाकूड एका मापाचं असतं, आणि पाठ तशी राहत नाही.

हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मोहिमेत घोडा वाळतो. स्नायू उतरतात, कणा वर येतो, आणि महिन्यापूर्वी नेमकं बसणारं खोगीर आता हाडावर टेकतं. ब्रिटिश लष्करातले पशुवैद्य फ्रेडरिक स्मिथ हिंदुस्थानात नोकरी करून गेले होते; त्यांनी १८९१ साली खोगीर आणि लागलेल्या पाठी एवढ्याच विषयावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्यानंतर आठ वर्षांनी बोअर युद्ध सुरू झालं. त्यात ब्रिटिशांचे सव्वातीन लाखांहून अधिक घोडे गेले, मुख्यतः उपासमार, दमणूक आणि रोगराई यांनी.

आपल्याकडे पाहा. शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या छावणीला लिहिलेलं पत्र रयतेला त्रास न देण्याच्या ताकिदीसाठी प्रसिद्ध आहे. पण त्यातली काळजी दाणावैरणीचीही आहे. आताच उधळलीत तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, अशी. पागेत बारगिराचा घोडा सरकारी, शिलेदाराचा स्वतःचा. घोडा गेला की शिलेदाराची रोजीरोटीच गेली. तो पाठ तपासत असणारच, असं मी धरून चालतो. आणि पानिपत! १७६०-६१च्या हिवाळ्यात छावणीतली वैरण संपली, जनावरं मरू लागली, हे आपण शाळेत शिकतो. जी जगली, त्या वाळलेल्या पाठींवर शेवटच्या सकाळी खोगिरं कशी बसली असतील, हा विचार मी आजवर केला नव्हता.

शार्लोट लेकपाशी काकांनी तंग सैल केला होता, पण खोगीर काढलं नव्हतं. मुलीने विचारलं, काढत का नाही? "घाम आहे अजून. एकदम काढलं तर सूज येते. जरा थांबायचं." दाबलेल्या जागेत रक्त एकदम परतलं की पाठ फुगते, म्हणून घोडदळातही हीच शिस्त असे, हे मी नंतर वाचलं. पंधरावीस मिनिटांनी त्यांनी खोगीर उतरवलं, खालची घोंगडी झटकली, आणि तळहात कण्याच्या कडेकडेने फिरवत नेला. डाव्या ठिपक्याजवळ तट्टाची कातडी थरथरली. काकांनी पुन्हा तिथेच बोटं टेकवली. पुन्हा थरथर. माझं वजन अठ्ठ्याऐंशी किलो आहे.

"साहेब, परत जाताना चालाल का?" त्यांनी विचारलं.

मुलगी दुसऱ्या तट्टावर, मी पायी, आणि माझ्या शेजारून ते तट्टू, खोगीर नसलेलं. पैसे त्यांनी जाण्याचेच घेतले.