ग्रहण, विळी आणि एक छोटी गोळी

१६ फेब्रुवारी १९८० चं सूर्यग्रहण माझ्या वयाच्या पुष्कळांना आठवत असेल. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा होतो. अंबरनाथच्या आमच्या चाळीत त्या दुपारी दारं-खिडक्या बंद होत्या. नळावर शुकशुकाट होता. शेजारच्या वहिनींना दिवस गेले होते, म्हणून सासूबाईंनी त्यांना घरात एका जागी बसवून ठेवलं होतं. पण मुलं भुकेली झाली आणि ग्रहण पुरतं सुटायच्या आतच वहिनी विळी घेऊन मेथी चिरायला बसल्या.

जूनमध्ये त्या बाळंत झाल्या. बाळाच्या पाठीवर, कण्याच्या खालच्या बाजूला, पाण्याने भरलेली पिशवी होती. पाय हलत नव्हते. ते बाळ जेमतेम तीन आठवडे जगलं. चाळीने निकाल देऊन टाकला : ग्रहणात विळी धरली, त्याचं हे फळ. हा समज काही एका धर्माचा नव्हता. आमच्या मुसलमानाच्या घरातही तो तितकाच पक्का होता. वहिनी माझ्या अम्मीला चाची म्हणत. एकदा त्यांनी विचारलं, "चाची, खरंच माझ्या हातून झालं का हो?" अम्मी काहीच बोलली नाही.

या प्रश्नाचं उत्तर मला फार उशिरा कळलं. आणि कळलं तेव्हा आश्चर्य वाटलं, कारण त्या उत्तराची सुरुवात आमच्याच रेल्वेमार्गावर, परळला झाली होती.

परळच्या हाफकिन संस्थेत १९२८ साली डॉ. लूसी विल्स नावाच्या इंग्रज बाई आल्या. वय चाळीस. केंब्रिजला वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकून मग त्या डॉक्टर झाल्या होत्या. त्या काळी मुंबईत अनेक गरोदर बायका एका विचित्र पंडुरोगाने खंगत आणि दगावत. त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी आकाराने मोठ्या, पण संख्येने फार थोड्या असत. कापड गिरण्यांत राबणाऱ्या बायकांत हा आजार विशेष दिसे. विल्सबाई नुसत्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्या नाहीत. या बायका कुठे राहतात, काय रांधतात, ताटात काय पडतं, याचा त्यांनी शोध घेतला. त्यांना आढळलं, की सर्वांत निकृष्ट आहार गरीब मुसलमान बायकांचा आहे आणि हा आजारही त्यांच्यातच सर्वांत जास्त आहे. भाजीपाला, फळं आणि प्रथिनं त्यांच्या वाट्याला फारशी येतच नव्हती. माझ्या आजीच्या वयाच्या या बायका. त्यांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत.

मग तशाच आहारावर ठेवलेल्या प्राण्यांवर प्रयोग झाले. पंडुरोगावर यकृताचा अर्क गुणकारी असतो, हे तोवर माहीत झालं होतं. पण गरिबाला तो परवडणार कसा? बियर गाळून उरणाऱ्या यीस्टपासून इंग्लंडात 'मार्माइट' नावाचा एक स्वस्त, खारट, काळपट पदार्थ बनतो. लोक तो पावाला लावून खातात. तो दिल्यावर आजारी माकडं सुधारली आणि पुढे बायकाही बऱ्या झाल्या. १९३१ साली विल्सबाईंनी हे प्रसिद्ध केलं. यीस्टमधल्या त्या अज्ञात द्रव्याला 'विल्स फॅक्टर' म्हटलं जाऊ लागलं.

१९४१ साली अमेरिकेत पालकाच्या पानांतून एक द्रव्य वेगळं काढण्यात आलं. लॅटिनमध्ये 'फोलियम' म्हणजे पान, म्हणून त्याला फोलिक अ‍ॅसिड हे नाव मिळालं. विल्सबाईंनी शोधलेलं द्रव्य ते हेच. पुढे चार-पाच वर्षांत अमेरिकेतल्या लेडर्ली प्रयोगशाळेत ते कृत्रिमरीत्या तयार झालं. त्या संशोधनाची धुरा भीमावरमच्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होती.

इथवर ही गोष्ट आईच्या रक्ताची होती. बाळाच्या कण्याशी तिचा संबंध जोडला १९६५ साली हिबर्ड आणि स्मिथेल्स या इंग्लंडमधल्या दोन डॉक्टरांनी. विल्सबाई त्याच्या आदल्याच वर्षी वारल्या होत्या. पुढे सात देशांतल्या ३३ केंद्रांवर मोठी चाचणी झाली. ज्यांना आधी असं बाळ झालं होतं, अशा बायकांना गर्भधारणेपूर्वीपासून फोलिक अ‍ॅसिड दिलं. १९९१ साली निकाल लागला : पुन्हा तसं बाळ होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी घटला होता. १९९८ पासून अमेरिकेत पिठात फोलिक अ‍ॅसिड मिसळणं सक्तीचं झालं. मग इतर अनेक देशांनीही तसे कायदे केले.

यातली खरी अडचण काळाची आहे. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू सुरुवातीला एका बारीक नळीसारखे घडतात. डॉक्टर तिला 'न्यूरल ट्यूब' म्हणतात. ही नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत मिटते. नीट मिटली नाही, तर हा दोष कायमचा राहतो. तोवर कित्येक बायकांना आपल्याला दिवस गेलेत याचा पत्ताही नसतो. पाळी चुकणार, मग नाव नोंदवणार, मग गोळ्या मिळणार. त्या गोळ्या आईच्या रक्तासाठी आवश्यकच आहेत, पण त्या नळीची वेळ तेव्हा टळून गेलेली असते.

म्हणून मूल हवं असेल, तर निदान महिनाभर आधीपासून आणि पुढे पहिले तीन महिने रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी घ्यायला सांगतात. आधी असं बाळ झालं असेल, तर मात्रा दसपट लागते. ती डॉक्टरांनीच ठरवायची. पालक, मेथी, मूग, हरभरा, शेंगदाणे ताटात हवेतच, पण भाजी फार वेळ शिजवून पाणी फेकून दिलं, तर पुष्कळसं फोलिक त्याबरोबर जातं. नुसत्या जेवणावर विसंबून चालत नाही. आणि गोळी घेऊनही प्रत्येक दोष टळतोच असं नाही. पण बहुतेक टळतात, तेही अगदी थोड्या पैशांत.

वहिनी आता हयात नाहीत. त्यांच्या बाळाच्या बाबतीत नेमकं काय कमी पडलं, हे आज कुणीच सांगू शकणार नाही. पण हिशेब सोपा आहे. जूनमध्ये जन्मलेल्या त्या बाळाची ती नळी मिटायची वेळ आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरातच संपली होती. ग्रहण लागलं फेब्रुवारीत, चार महिन्यांनी. विळीचा काही दोष नव्हता. आणि विळीवर जी चिरली गेली, ती मेथी तर त्यांच्या कामाचीच होती.

आपल्या घरात नवी सून आली असेल, लेकीचं लग्न ठरलं असेल, तर ग्रहणाचे नियम सांगण्याऐवजी या गोळीचं तेवढं सांगा. 'नाही, तुमच्या हातून काही झालं नाही,' हे वहिनींना सांगायचं राहून गेलं. निदान पुढच्या कुणावर हा प्रश्न विचारायची वेळ येऊ नये.