जुनी डिझेल जीप उभी करायचीय? बॉनेटच्या आधी आरसी उघडा

रीलमध्ये गंजलेली जीप तीस सेकंदांत चकाचक होते. प्रत्यक्षात तेच काम महिनोन्‌महिने चालतं आणि खर्च लाखात जातो. सगळं झाल्यावर आरटीओत कळतं, की आरसीवर पेट्रोल लिहिलंय आणि बॉनेटखाली डिझेल इंजिन बसलंय. मग गाडी नुसती दारात उभी.

वारणानगर, कोडोली, पन्हाळा या पट्ट्यात अशा जीपा अजून दिसतात. उसाच्या रानातल्या वाटा, पन्हाळ्याकडचा चढ, पावसाळ्यातला चिखल यात त्या टिकल्या. कित्येकींचं निम्मं आयुष्य वडापमध्ये गेलं. अशी एखादी जीप घेऊन पुन्हा रस्त्यावर आणायची असेल, तर काय बघायचं आणि कोणत्या क्रमाने?

या गाड्या मुळात कुठल्या?

बिल्ला देशी असला तरी रक्त परदेशी आहे. महिंद्राची जीप ही अमेरिकेच्या विलीजची. १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत तिची जोडणी सुरू झाली. पुढे तिला फ्रान्सच्या प्युजोच्या परवान्यावर बनलेलं डिझेल इंजिन मिळालं. एमएम ५४० मध्ये असायचं ते २,११२ सीसीचं इंजिन हेच. पुण्याच्या बजाज टेम्पोच्या, म्हणजे आजच्या फोर्सच्या ट्रॅक्समध्ये मर्सिडीजचं ओएम ६१६ आलं. लष्कराची जोंगा म्हणजे जबलपूरला बनलेली निसान पॅट्रोल. ती मूळची पेट्रोलवर चालणारी. लिलावात घेतल्यावर अनेकांनी तिच्यात डिझेल इंजिन बसवलं.

सगळ्यात आधी कागद

आरसीवरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरशी स्वतः जुळवून बघा. इंधन कोणतं लिहिलंय, बँकेचा बोजा आहे का, चलन थकलंय का, हेही तपासा. यातलं बरंचसं परिवहन खात्याच्या ॲपवर गाडीचा नंबर टाकून कळतं. लष्करी लिलावातली गाडी असेल तर लिलावाचे मूळ कागद मागा.

इंजिन बदललेलं असेल तर त्याची नोंद आरसीवर हवीच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार परवानगीशिवाय असा बदल करता येत नाही. नोंद नसताना अपघात झाला, तर विम्याच्या दाव्यावरही वाद होऊ शकतो.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षं चालते. नंतर तपासणी करून दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. ऑगस्ट २०२५ च्या बदलानुसार २० वर्षांवरच्या मोटारीची नूतनीकरण फी १०,००० रुपये झाली आणि आयात केलेल्या चारचाकीची ८०,००० रुपये. शिवाय पर्यावरण कर वेगळा. म्हणून आरसीवर गाडी देशी आहे की आयात, ते आधी वाचा.

गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असेल तर व्हिंटेज नोंदणीचा पर्याय आहे. त्यासाठी २०२१ मध्ये वेगळा नियम आला. नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये आणि नंबरमध्ये ‘व्हीए’ ही अक्षरं. पण अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर आणता येते.

‘दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या बंद’ हा मेसेज दर काही महिन्यांनी फिरतो. ती बंदी दिल्ली आणि आसपासच्या राजधानी क्षेत्रापुरती आहे, कोल्हापूरला लागू नाही.

मग चासी

इंजिन दुरुस्त होतं, पण सडलेली चासी गाडीच संपवते. गाडीखाली जाऊन पाट्यांचे हँगर, बॉडीचे माउंट आणि जुने वेल्डिंग हातोडीने ठोकून बघा. भद्द आवाज आला, तर आतून गंज लागलाय. ताज्या काळ्या रंगावर विश्वास ठेवू नका.

पुढच्या चाकांना खरंच ताकद जाते का, तेही बघा. वडापच्या बऱ्याच जीपा टू व्हील ड्राइव्हच्या होत्या. नुसत्या जाड टायरने जीप फोर बाय फोर होत नाही.

इंजिनाचा धूर वाचा

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. दाबाने तापलेल्या हवेत डिझेल पेट घेतं. म्हणून कॉम्प्रेशन गेलं की सगळं गेलं. इंजिन पूर्ण थंड असताना सुरू करून बघा. आधीच तापवून ठेवलेलं असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा या.

काळा धूर: डिझेल जास्त किंवा हवा कमी. एअर फिल्टर, नोझल, पंप तपासा.
निळा धूर: ऑइल जळतंय. रिंगा किंवा व्हॉल्व्हची झीज.
पांढरा धूर: सुरुवातीला थोडा चालतो. गरम झाल्यावरही राहिला आणि पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केट.

ऑइल भरायचं झाकण उघडल्यावर जोरात धूर येत असेल, तर इंजिन उतरवायची तयारी ठेवा. लेथ, बोअरिंग, हेड फेसिंग ही कामं कोल्हापूरच्या उद्यमनगरात होतात. फाउंड्री आणि लेथवर वाढलेल्या या शहराचा जुन्या गाडीवाल्यांना हा मोठा आधार. मात्र पंप आणि नोझल टेस्ट बेंच असलेल्या पंपवाल्याकडेच द्या. तिथे अंदाज चालत नाही.

ब्रेक आणि स्टिअरिंग रंगाच्या आधी

पैसे संपतात तेव्हा नेमकं हेच काम राहतं. व्हील सिलिंडर, ब्रेकचे होज, किंगपिन आणि स्टिअरिंगचा प्ले आधी काढा. घाटात ड्रम ब्रेक तापून धरेनासे होतात, त्यामुळे उतरताना खालचा गिअर ठेवायचा.

नंतरची निगा

रेडिएटरमध्ये साधं पाणी नको, कूलंट घाला. डिझेल फिल्टरमधलं पाणी काढत राहा. डिझेल संपून लाइनमध्ये हवा धरली, तर स्क्रू ढिला करून हातपंपाने हवा काढावी लागते. हे मेकॅनिककडून शिकून घ्या. या जुन्या जीपांचा फोर बाय फोर कोरड्या डांबरी रस्त्यावर लावू नका, गिअर आणि जॉइंटवर ताण येतो. चिखलातून आल्यावर गाडी खालूनही धुवा. खोल पाण्यातून गेली असेल, तर डिफरन्शियलच्या ऑइलमध्ये पाणी शिरलंय का बघा. ऑइल दुधाळ दिसलं, की त्याच दिवशी बदला.