जनुकसंचाच्या घडणीची मुक्त विदा

मानवी पेशीतला सुमारे 2 मीटर लांबीचा डीएनए काही मायक्रोमीटरच्या केंद्रकात घड्या घालून बसलेला असतो. या घड्यांत कोणता भाग कोणाशेजारी येतो याची मोजदाद करून ती मुक्तस्रोत सांख्यिकी आज्ञावलींद्वारे इतरांना वापरू देणे, हा या नोंदीचा विषय.

शेजाराचे महत्त्व पालघर जिल्ह्यातील आदिवासींमध्ये आढळणाऱ्या सिकलसेलच्या संदर्भात चटकन कळते. या आजाराचे मूळ बीटा-ग्लोबिन जनुकात आहे. त्याला चालना देणारा डीएनएचा तुकडा बराच दूर असतो, पण घडीमुळे जनुकाला येऊन भिडतो; 2002 मध्ये उंदरांच्या पेशींत हे दिसले. 2009 मध्ये आलेल्या हाय-सी पद्धतीने असे संपर्क जनुकसंचभर एकदम मोजता येऊ लागले. फॉर्मल्डिहाइडने डीएनए जागीच जखडायचा, विकराने कापायचा, शेजारची टोके जोडून त्यांचा क्रम वाचायचा.

हाती येतो तो अवाढव्य तक्ता. 10 हजार बेसजोड्यांचा एक कप्पा धरला, तर माणसासाठी सुमारे 3 लाख ओळी आणि तितकेच स्तंभ, म्हणजे 9 हजार कोटी घरे. त्यांतली बहुतेक रिकामी! म्हणून ‘कूलर’ हा फाइलप्रकार भरलेल्या घरांचीच नोंद ठेवतो. आर भाषेतील बायोकंडक्टर या 2001 पासूनच्या प्रकल्पात ‘हायसीएक्सपेरिमेंट’ हे पॅकेज आहे; ते अशा फाइलींतून हवा तेवढाच भाग वाचते. मात्र जनुकसंचाची कोणती आवृत्ती, कोणते विकर, तक्ता कसा समतोल केला, हे सोबत लिहिलेले नसेल तर दोन प्रयोगशाळांचे आकडे शेजारी ठेवण्यात अर्थ नाही. प्रत्यक्षात घोळ होतो तो इथेच.

प्रयोग एकाने करावा आणि गणित दुसऱ्याने, याचे जवळचे उदाहरण पवईचे. आयआयटी मुंबईतील रणजित पडिंजाटीरी यांनी मोनॅश विद्यापीठातील सहकाऱ्यांसह 2020 मध्ये अल्फा-ग्लोबिन जनुकाभोवतीच्या सुमारे 5 लाख बेसजोड्यांच्या पट्ट्याची त्रिमितीय रचना संगणकावर उभी केली. पद्धत पॉलिमर-भौतिकीची होती; संपर्कांचे आकडे इतरांनी आधी प्रसिद्ध केलेले.

रुग्णांच्या विदेबाबत जपून राहावे लागते. मूळ क्रमवाचनावरून व्यक्ती ओळखता येऊ शकते, म्हणून ते परवानगीने देतात. संपर्कांचा तक्ता बहुधा खुला ठेवतात.