बेने इस्राएलांचें भोजनशास्त्र

ठाणें शहरांत टेंभी नाक्याजवळ ‘शार हाशमायिम’, म्हणजे ‘स्वर्गाचें द्वार’, या नांवाचें बेने इस्राएल लोकांचें प्रार्थनामंदिर आहे. तें १८७९ सालचें. त्यापूर्वीं शतकानुशतकें ही मंडळी कोंकणांतील खेड्यापाड्यांतून तेल गाळीत आणि मराठी बोलत राहिली. परंपरा सांगते कीं, त्या काळांत त्यांच्याजवळ धर्मग्रंथ नव्हता व हिब्रूचें ज्ञानही उरलें नव्हतें. ‘शमा’ ही प्रार्थना तेवढी मुखांत होती. मग त्यांचें यहुदीपण टिकलें कशावर? आमच्या मतें तें बव्हंशीं चुलीवर टिकलें.

शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांस ‘शनिवार तेली’ म्हणत. दाविद राहाबी नांवाच्या परदेशी यहुद्यानें त्यांची परीक्षा घेतल्याची कथा त्यांच्यांत अद्यापि सांगतात. त्यानें बायकांपुढें नाना प्रकारचे मासे ठेवले. त्यांनीं खवले व पर असलेले तेवढे निवडून घेतले आणि बाकीचे दूर सारले. कथेच्या काळाविषयीं विद्वानांत मतभेद आहेत. पण तिचें मर्म स्पष्ट आहे. जो नियम कोणास वाचतां येत नव्हता, तो विळीवर बसलेल्या गृहिणीच्या हातीं शाबूत होता. समुद्रकांठीं राहून कोळंबी आणि खेकडे वर्ज्य करणें ही कांहीं लहान गोष्ट नव्हे! मांसाबरोबर दूध चालत नाहीं, तेथें नारळाचा रस कामीं आला. मांसास मीठ लावून रक्त काढल्यावांचून तें शिजवावयाचें नाहीं, हाही दंडक राहिला.

हें सारें प्राचीन आरोग्यशास्त्रच, असें कोणी सुशिक्षित वाचक म्हणेल. त्यांत तथ्य आहे. घास श्वासनलिकेंत जाऊं नये म्हणून जेवतांना बोलूं नये, असें तल्मूद बजावतें. बाराव्या शतकांतील पंडित मैमोनिडीज हा स्वतः वैद्य होता. भुकेवांचून जेवूं नये आणि तृप्तीस चतुर्थांश कमी असतांनाच उठावें, हें त्यानें धर्मसंहितेंतच घातलें. आपल्या वाग्भटानेंही पोटाचे दोन भाग अन्नास व एक भाग पेयास देऊन चौथा वायूसाठीं मोकळा ठेवावयास सांगितलें आहे. दूर देशींचे हे दोन वैद्य एकाच मापाशीं आले, हें पाहून कोणास कौतुक वाटणार नाहीं?

परंतु एवढ्यानें उलगडा होत नाहीं. वर्ज्य अन्न अपायकारक असतें, हें मैमोनिडीजचें मत अब्राबानेल या पंधराव्या शतकांतील भाष्यकारानें खोडून काढलें. धर्मशास्त्र हें वैद्यकाचें पुस्तक नव्हे, आणि डुकराचें मांस खाणारे लोकही धडधाकट दिसतात, असा त्याचा रोकडा आक्षेप होता. हात धुण्याचाच नियम पाहा. हात स्वच्छ असले तरी भाकरी खाण्यापूर्वीं भांड्यानें त्यांवर पाणी ओतावेंच लागतें. जेरुसलेमच्या मंदिराचे याजक आपल्या वाट्याचें अन्न शुचिर्भूत होऊन खात, त्याचा हा वारसा. इ. स. ७० मध्यें तें मंदिर उद्ध्वस्त झालें. पुढें वेदीचें कार्य मनुष्याचें ताटच करतें, असें तल्मूदानें म्हटलें. ज्यांचें मंदिर गेलें, त्यांनीं स्वयंपाकघर मंदिर केलें!

१९४८ नंतर बहुसंख्य बेने इस्राएल इस्राएल देशीं गेले. २०१६ सालीं महाराष्ट्र सरकारनें यहुद्यांस अल्पसंख्य म्हणून मान्यता दिली, तेव्हां येथें उरलेली संख्या अगदींच थोडी होती. ही मान्यता योग्यच होय. पण मासे निवडणाऱ्या त्या बायकांचें काम ती करूं शकत नाहीं. आपल्याही घरांतून चित्राहुति आणि आपोष्णी कधींच उठून गेली. त्यांत शास्त्रीय लाभ काय, एवढेंच आपण विचारलें. त्यांच्या योगें आपण कोणाची आठवण राखीत होतों, हें विचारावयाचें मात्र राहून गेलें.